बारा बोअर नेमकी किती मारते?

“बारा बोअर लई मारते, पोरीला वीस बोअरच घ्या.” सातारा-सांगलीकडे बंदुकीचा विषय निघाला की हे वाक्य कुणीतरी टाकतंच. बोअर म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीच्या (शॉटगनच्या) नळीचं माप, आणि मारते म्हणजे बार काढताना खांद्याला धक्का देते. सांगणारा माणूसही कच्चा नसतो. अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावचा निवृत्त हवालदार असतो, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा. नाहीतर पाटण-शिराळ्याकडचा एखादा शेतकरी असतो, ज्याच्या घरात आजोबांपासून परवाना चालत आलाय. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. तेवढ्यावर विसंबून बंदूक निवडली तर भलतंच पदरात पडतं. हलकी, नाजूक दिसणारी वीस बोअर खांदा सुजवते आणि जडशीळ बारा बोअरवर शंभर काडतुसं उडवूनही रात्री कूस बदलताना काही जाणवत नाही.

आपल्या भागात हा गैरसमज टिकून राहण्याचं एक कारण मला दिसतं. आपल्याकडे नेमबाजी म्हणजे रायफल. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली ती रायफलमध्ये, आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं तेही रायफलमध्येच. छर्ऱ्याच्या बंदुकीची नेमबाजी, म्हणजे उडत्या थाळ्या फोडण्याचे ट्रॅप आणि स्कीट हे प्रकार, ही बहुतांशी उत्तरेकडच्या लोकांची मिरासदारी राहिली. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं, तेव्हा कुठे हा खेळ काय असतो ते अनेकांना कळलं. त्यामुळे बारा बोअरबद्दलचं आपलं ज्ञान बँकेच्या दारातलं किंवा रानातलं. रेंजवरचं नाही.

बाराचा हिशोब

बारा हा आकडा मिलिमीटरचा नाही आणि इंचाचाही नाही. जुन्या इंग्रजी पद्धतीत एक पौंड शिसं घ्यायचं, म्हणजे ४५३.६ ग्रॅम, आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. अशी गोळी ३७.८ ग्रॅमची भरते आणि तिचा व्यास होतो साधारण १८.५ मिलिमीटर. त्याच शिशाच्या वीस गोळ्या केल्या तर एकेक गोळी २२.७ ग्रॅमची, व्यास १५.६ मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते. सोळा बोअर १६.८ मिलिमीटर, अठ्ठावीस बोअर १४ मिलिमीटर.

या पंगतीत न बसणारी ओळखीची बंदूक म्हणजे चारशे दहा. तिचा आकडा मात्र खरोखर इंचाचा आहे: ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर. गोळ्यांच्या हिशोबात मांडली तर ती सदुसष्ट-अडुसष्ट बोअर होईल. गेज आणि बोअर यांत काही फरक आहे का, असंही लोक विचारतात. छर्ऱ्याच्या बंदुकीपुरतं म्हणाल तर नाही. अमेरिकन माणूस गेज म्हणतो, आपण इंग्रजांकडून शिकलो म्हणून बोअर म्हणतो.

आता यात खांद्याचा संबंध कुठे आला? कुठेच नाही. बोअर सांगते ती फक्त नळीची रुंदी. त्या नळीतून किती ग्रॅम छर्रे जाणार, ते किती वेगाने जाणार आणि बंदूक किती किलोची आहे, यातलं काहीही त्या आकड्यात लिहिलेलं नाही. बारा बोअरचं काडतूस २४ ग्रॅम छर्ऱ्यांचं मिळतं, २८चं, ३२चं, ३६चं, त्याच्याही वरचं मिळतं. वीस बोअरचं २१ ग्रॅमचं असतं, २४चं असतं, २८चंही असतं. दोन्ही बोअरचे आकडे मध्येच एकमेकांवर चढतात, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

धक्क्याचं गणित

न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. छर्रे जेवढा संवेग घेऊन पुढे जातात तेवढाच संवेग बंदूक मागे घेऊन येते. संवेग म्हणजे वजन गुणिले वेग. पुढे जाणाऱ्या मालात तीन गोष्टी धरायच्या: छर्रे, छर्ऱ्यांना पोटात धरणारी प्लॅस्टिकची वाटी (तिला वॉड म्हणतात, ती साधारण ३ ग्रॅमची) आणि जळालेल्या बारुदाचा वायू. बारूद दीडच ग्रॅम असतो, पण त्याचा वायू छर्ऱ्यांपेक्षा बराच जोरात बाहेर पडतो. छर्ऱ्यांच्या बंदुकीसाठी हिशोबात तो वेग दीडपट धरायची पद्धत आहे.

ट्रॅपची बंदूक घेऊ. बारा बोअर, ३.७ किलो वजन, आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या नियमातलं २४ ग्रॅमचं काडतूस. छर्ऱ्यांचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरू. छर्रे आणि वाटी मिळून २७ ग्रॅम, म्हणजे ०.०२७ गुणिले ४००, झाले १०.८. वायूचे ०.९ मिळवले की ११.७. या ११.७ला बंदुकीच्या ३.७ किलोने भागलं की बंदूक मागे येण्याचा वेग मिळतो: सेकंदाला ३.२ मीटर. त्या वेगातली ऊर्जा भरते साडेअठरा ज्यूल.

आता बँकेच्या दारातली एकनळी. तीही बारा बोअरच. पण वजन २.७ किलो आणि काडतूस ३२ ग्रॅमचं. तोच हिशोब केला की बंदूक सेकंदाला साडेपाच मीटरने मागे येते आणि ऊर्जा होते ४१ ज्यूल. दोन्ही बंदुका बारा बोअर, आणि एकीचा धक्का दुसरीच्या दुपटीहून जास्त! हवालदारांचं “लई मारते” हे या एकनळीचं वर्णन आहे. त्यांच्या खांद्याने जे सांगितलं ते त्यांनी आपल्याला सांगितलं, त्यात त्यांची काही चूक नाही.

मग “पोरीसाठी” सुचवलेली वीस बोअर बघा. वजन २.६ किलो, आत २८ ग्रॅमचं काडतूस. ऊर्जा ३४ ज्यूल. ट्रॅपच्या बारा बोअरपेक्षा जवळजवळ दुप्पट. हीच वीस बोअर २१ ग्रॅमच्या काडतुसावर चालवली तर धक्का २१ ज्यूलवर उतरतो, आणि तेव्हा कुठे तो सल्ला खरा ठरतो. तरीही जड बारा बोअरपेक्षा तो किंचित जास्तच राहतो. म्हणजे धक्का कमी केला तो काडतुसाने. बोअरने केलं इतकंच, की मोठं काडतूस घालायचा मोह थोडा आवरला.

या गणितात एक मेख आहे, ती नीट समजून घ्यायला हवी. बंदुकीचं वजन वाढवलं की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात कमी होते. दुप्पट जड बंदूक, निम्मा धक्का. पण काडतुसातलं वजन वाढवलं की ऊर्जा वर्गाने चढते. एकाच बंदुकीत २८ ग्रॅमऐवजी ३६ ग्रॅमचं काडतूस घाला. संवेग वाढतो सव्वापट, पण ऊर्जा वाढते दीडपटीच्याही वर. म्हणून खांदा दुखतोय अशी तक्रार घेऊन कुणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो तो काडतुसाच्या खोक्यावर किती ग्रॅम लिहिलंय हा. बंदूक बदलणं म्हणजे खर्च, परवान्यात नोंद, कचेरीचे हेलपाटे. काडतूस बदलायला खोकं बदललं की झालं.

बर्मिंगहॅमचा बंदूक-कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याने एकोणिसाव्या शतकात एक ठोकताळा बांधून दिला, तो आजही चालतो. बंदूक छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावी. २४ ग्रॅमसाठी २.३ किलो, २८ ग्रॅमसाठी २.७ किलो, ३२साठी ३.१ आणि ३६ ग्रॅमसाठी जवळजवळ साडेतीन किलो. हा आकडा अधूनमधून चार-दोन बार काढणाऱ्या माणसासाठी आहे. ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५ थाळ्या असतात आणि सरावात त्याहून कितीतरी जास्त. तिथे ९६ पटीत भागत नाही. म्हणून २४ ग्रॅमच्या काडतुसासाठी ३.७ किलोची बंदूक वापरतात, म्हणजे दीडशेपटीहून अधिक. आणि आपली ती एकनळी? २.७ किलोला ३२ ग्रॅम म्हणजे ८४ पट. ग्रीनरच्या मापाने ती काडतुसाच्या मानाने हलकीच आहे.

(थाळी म्हणायचं, इंग्रजीतही ‘क्ले’ म्हणजे माती म्हणतात, पण ती मातीची नसते. डांबरासारखा पदार्थ आणि चुनखडीची भुकटी दाबून केलेली, ११० मिलिमीटर व्यासाची ती चकती असते. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास उडते.)

मग सरळ जडच बंदूक का घेऊ नये? कारण ती उचलावी लागते. पाटणच्या डोंगरात चढ-उतार करणाऱ्याला, आठ-आठ तास दारात उभ्या राहणाऱ्या रक्षकाला प्रत्येक पाव किलो जाणवतो, आणि बार तर महिनोन्‌महिने निघत नाही. त्याने हलकी बंदूक पसंत केली तर त्यात शहाणपणच आहे. एका जागी उभं राहून दिवसभर थाळ्या फोडणाऱ्याची गरज बरोबर उलटी. दोघांनी एकमेकांना बंदुकीचा सल्ला देऊ नये.

तोल

एक कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून फिरवा, मग तीच पात्याजवळ धरून फिरवा. वजन काट्यावर एकच, पण पहिल्या वेळी हात ओढला जातो आणि दुसऱ्या वेळी ती खेळण्यासारखी फिरते. बंदुकीच्या तोलाची गोष्ट एवढीच आहे, फक्त तिथे दोन हात असतात आणि फिरवायचं ते उडत्या थाळीच्या मागे.

दुनळी बंदूक जिथे मोडून उघडते त्या बिजागरीच्या खिळीजवळ तिचा तोल साधारण असावा असं म्हणतात. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बंद करायची आणि आडव्या बोटावर तोलून बघायची. खिळीच्या पुढे तोल गेला तर ती नाकाड जड, मागे गेला तर शेपटाकडे जड. पण नुसता तोलाचा बिंदू सगळं सांगत नाही. दोन बंदुका एकाच जागी तोलतील, एकीचं वजन दोन्ही हातांच्या मध्ये गोळा झालेलं असेल आणि दुसरीचं नळीच्या टोकाला आणि दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडाच्या, बुडाला वाटलेलं असेल. पहिली चपळ, दुसरी सुस्त. कारण फिरवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. तोलाच्या बिंदूपासून १५ सेंटिमीटरवर १०० ग्रॅम लावले आणि तेच १०० ग्रॅम ६० सेंटिमीटरवर लावले, तर दुसरे फिरवायला सोळा पट जड.

आता कुणी म्हणेल, चपळ असेल ती चांगली. तसं नाही. चपळ बंदूक लवकर सुरू होते आणि तितक्याच लवकर थांबते. थाळीवर नळी पोहोचली की नवशिक्याचा हात नेमका तिथेच थबकतो आणि छर्रे थाळीच्या मागून जातात. नळीकडे थोडी जड असलेली बंदूक एकदा फिरायला लागली की स्वतःच्या वजनाने फिरत राहते, हात डगमगला तरी ती डगमगत नाही. ट्रॅपला ३० किंवा ३२ इंची नळी लोक उगाच घेत नाहीत. रानात अचानक पुढ्यात येणाऱ्या लक्ष्यासाठी मात्र ती बोजड होते.

धक्क्याचा आणि तोलाचा थेट संबंध थोडा आहे. वर काढलेली ज्यूलची गणितं तोलाने बदलत नाहीत, कारण त्यांना वजन किती ते कळतं, कुठे ते कळत नाही. पुढे वजन असेल तर बार झाल्यावर नळीचं तोंड कमी उसळतं, एवढाच थेट फायदा. पण आडून होणारा परिणाम मोठा आहे आणि तो लहान चणीच्या माणसांना भोवतो. नाकाड जड बंदूक पुढे धरून ठेवायला दंडात ताकद कमी पडली की माणूस कमरेतून मागे रेलतो, पोट पुढे काढतो. सगळं वजन टाचांवर जातं. अशा उभ्या राहणाऱ्याला वीस ज्यूलचा धक्काही मागे ढकलून देतो, आणि बघणारा म्हणतो, बघा, पोरीला बारा बोअर झेपत नाही. झेपत नव्हता तो तोल. बुडाकडे थोडं वजन भरलं किंवा नळी दोन इंच आखूड असलेली बंदूक दिली, तर तीच मुलगी पायाच्या चवड्यावर भार देऊन नीट उभी राहते.

दस्त्यात वजन भरता येतं. बुडाची रबरी गादी काढली की आत बहुतेक बंदुकांना पोकळी असते, तिथे पट्टी-पट्टीने वजन घालून तोल जमवतात. पण हलकी करायची म्हणून कुणी नळी कापायचा विचार करत असेल तर तिथेच थांबावं. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. शिवाय गुळगुळीत नळीच्या बंदुकीला कायद्याने जी थोडी सवलत दिलीय ती २० इंच किंवा त्याहून लांब नळीला. आणि मुख्य म्हणजे कापून धक्का वाढतो. वजन गेलं, काडतूस तेच राहिलं.

मिरजेला सतारमेकर गल्लीत तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांचं काम करणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारीचं काम आटलं आणि हात तुंब्या-दांड्याकडे वळले. लाकडाचं वजन कुठे ठेवायचं आणि कुठून काढायचं हे दोन्ही कामांत लागतं, असं मला तिथून जाताना वाटत राहतं. असो.

खांद्याला काय लागतं

आत्तापर्यंत मोजता येणाऱ्या धक्क्याबद्दल बोललो. पण माणूस ज्यूल मोजत नाही, दुखणं मोजतो. एकाच बंदुकीने, एकाच काडतुसाने एकाला निळं-काळं होतं आणि दुसऱ्याला काही नाही, हे रेंजवर रोज दिसतं. इथे लाकडाचा दस्ता बोलायला लागतो.

आधी वेळेचं बघू. चाप ओढल्यावर छर्रे नळीबाहेर पडायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३.२ किलोची बंदूक मागे सरकलेली असते जेमतेम सात मिलिमीटर. मोठा धक्का जाणवतो तेव्हा छर्रे कधीच गेलेले असतात, आणि माणसाची प्रतिक्रिया यायला तर सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा लागतो. म्हणजे धक्क्यामुळे नेम चुकला हे म्हणणं बहुतेक वेळा खरं नसतं. नेम चुकतो तो धक्का येणार या भीतीने, बार होण्याआधी. डोळे मिटतात, खांदा पुढे झटकला जातो, डावा हात खाली दबतो. ही सवय एकदा लागली की मोडायला फार दिवस जातात. म्हणूनच शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात हलकं काडतूस द्यावं, “सवय होऊ दे” म्हणत जड काडतूस देऊ नये.

या भीतीत आवाजाचा वाटा किती मोठा आहे याची लोकांना कल्पना नसते. बारा बोअरचा आवाज कानाजवळ १५० डेसिबलच्या पुढे जातो. कानावर चांगलं झाकण लावून त्याच माणसाला तीच बंदूक दिली की तो विचारतो, काडतूस हलकं घातलं का? कान तर वाचतातच. आपल्याकडे जुन्या शिकारी मंडळींना ऐकायला कमी येतं, ते नुसत्या वयामुळे नसतं.

दस्त्याची लांबी म्हणजे चापापासून बुडाच्या मध्यापर्यंतचं अंतर. बाजारातल्या बहुतेक बंदुकांत ते साडेचौदा इंचांच्या आसपास असतं. हे माप मध्यम उंचीच्या युरोपीय पुरुषासाठी धरलेलं. पाच फूट दोन इंचांच्या मुलीला ते लांब पडतं. ती बंदूक खांद्यावर आणताना बुड काखेत अडकतं, मग ते खांद्याच्या खळीऐवजी दंडावर टेकतं. दंडावर ना मांसाची गादी, ना मागे अंगाचा आधार. दस्ता जास्त आखूड असेल तर वेगळा त्रास, चाप ओढणाऱ्या हाताचा अंगठा नाकावर येतो.

दुसरं माप दस्त्याच्या वरच्या कडेच्या उंचीचं, जिथे गाल टेकतो. रायफलला मागची दृष्टी, म्हणजे डोळ्याजवळची नेम धरायची खूण, असते, छर्ऱ्याच्या बंदुकीला नसते, तिथे नेमबाजाचा डोळाच मागची दृष्टी. गाल जिथे टेकतो त्यावर डोळा कुठे येणार ते ठरतं, त्यावर छर्रे कुठे जाणार ते. जुन्या इंग्रजी दुनळ्यांचा दस्ता बराच खाली झुकलेला असतो. नळीचा रोख खांद्याच्या वरून जातो, त्यामुळे बार होताच बंदूक मागे येता येता वरही उसळते आणि दस्ता गालफडावर थापड मारतो. संवेग तोच, पण तो खांद्यावर पसरण्याऐवजी गालाच्या हाडावर येतो. आजच्या ट्रॅपच्या बंदुकांत नळ्या एकावर एक असतात आणि पहिला बार खालच्या नळीचा. ती नळी खांद्याच्या जास्त सरळ रेषेत असते, उसळी कमी बसते. शेजारी-शेजारी नळ्यांच्या दुनळीत उजवी नळी उडाली की बंदूक थोडी उजवीकडेही वळते.

बुडाची रबरी गादी धक्का कमी करत नाही, वेळ आणि जागा वाढवते. तोच संवेग थोड्या जास्त वेळात, थोड्या जास्त जागेवर पसरतो. वायूवर चालणाऱ्या आपोआप भरणाऱ्या बंदुकाही अशाच. वायूचा काही भाग यंत्रणा मागे ढकलण्यात जातो, धक्का लांबतो, खांद्याला तो ढोसण्याऐवजी रेटल्यासारखा वाटतो. पातळ कडक प्लॅस्टिकचं किंवा पितळी पत्र्याचं बुड असलेल्या जुन्या बंदुकीला एक चांगली रबरी गादी बसवली तर फरक लगेच कळतो. पण तिच्यामुळे दस्त्याची लांबी वाढते हे लक्षात ठेवून तेवढं लाकूड कापून घ्यावं लागतं, नाहीतर गादीचा फायदा आणि लांबीचा तोटा सारखेच होतात.

आणि एक फुकटचा उपाय. बुड खांद्याला घट्ट भिडलेलं हवं. खांदा आणि बुड यांत बोटभर फट राहिली तर त्या फटीत बंदुकीला पूर्ण वेग येतो आणि मग ती आदळते. हवालदार काका याच्यासाठी शिकाऊ पोरांना एकच सांगतात, “खांद्याला अशी भिडव जशी ती तुझ्याच अंगाची हाय.” यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही.

जुन्या बंदुका, नवी काडतुसं

सांगली, औंध, फलटण, जत ही सगळी संस्थानं. त्या काळातल्या इंग्रजी दुनळ्या अजून काही घरांत परवान्यावर आहेत आणि त्यातल्या काही खरोखर सुंदर आहेत. त्यांच्याबाबतीत धक्क्याच्या आधी एका गोष्टीची खात्री हवी: काडतुसाच्या खोलीची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसतं त्या भागाची, लांबी. जुन्या बारा बोअर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या. आजची काडतुसं बरीचशी पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची. न उडालेलं ७० मिलिमीटरचं काडतूस घडी घातलेल्या तोंडामुळे आखूड दिसतं आणि त्या जुन्या खोलीत बिनबोभाट शिरतं. उडताना मात्र त्याचं तोंड नळीच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते, दाब वाढतो. कमीत कमी जास्त धक्का, वाईटात वाईट म्हणजे फुटलेली नळी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची. ती घ्या नाहीतर परदेशी घ्या, खोक्यावरची लांबी वाचल्याशिवाय आजोबांच्या बंदुकीत घालू नका. नळीवर लांबी कोरलेली नसेल तर जाणत्या बंदूक-कारागिराकडून मोजून घ्या.

यापेक्षा घातक चूक एकच. घरात बारा आणि वीस दोन्ही बोअर असतील तर काडतुसं एका डब्यात ठेवू नयेत. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या खोलीतून घसरून नळीत पुढे अडकतं आणि बाहेरून नळी रिकामी दिसते. त्यामागे बारा बोअरचं काडतूस घालून चाप ओढला की नळी हाताजवळ फुटते. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगात करण्याची जी पद्धत आहे ती याचसाठी.

कायद्याचं एक वाक्य इथेच सांगतो. परवाना बंदूक बाळगायचा असतो, शिकारीचा नसतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानडुक्करही येतं. उसात कितीही नासधूस झाली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय बार काढला तर माणूस अडचणीत येतो.

बंदूक आपल्याला बसते का हे बार न काढताही बरंच कळतं. दुकानात किंवा क्लबात, बंदूक उघडून रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, सुरक्षित दिशेला तोंड ठेवून, समोर एक ठिपका बघायचा. डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला आणायची, गाल टेकवायचा आणि डोळे उघडायचे. ठिपक्यावर नळीचं टोक असेल, नळीवरची पट्टी थोडीशीच दिसत असेल तर बंदूक जवळपास मापात आहे. मान वाकवावी लागली, बुड कपड्यात अडकलं, किंवा पंधरा-वीस सेकंदांत डावा हात थरथरायला लागला, तर बोअर कितीही असो, ही बंदूक आपली नव्हे.

आणि बार काढून झाल्यावर अंगावरचे वळ वाचायचे. खांद्याच्या खळीत हलकी लाली असेल तर काळजी नको. वळ दंडावर असेल तर बुड बाहेर टेकतंय, दस्ता बहुधा लांब आहे. गळ्याच्या हाडावर असेल तर बुड फार आत आलंय. गालफड दुखत असेल तर वरची कड चुकीच्या उंचीची, किंवा गाल घट्ट न टेकवता अधांतरी धरलाय. चापाच्या हाताचं मधलं बोट चापाच्या कडीला लागून सुजत असेल तर दस्ता आखूड आहे किंवा मूठ ढिली. आणि यातलं काहीच नसून संध्याकाळी नुसतं डोकं दुखत असेल, तर आधी कानाची झाकणं बदला, मग काडतूस चार ग्रॅमने उतरवा.